तिथं वारं कुठून येतं?

ज्या ग्रहाची एक बाजू कायम उजेडात आणि दुसरी कायम अंधारात, तिथं उतरल्यावर पहिला प्रश्न तुम्ही कोणता विचाराल? पाण्याचा? मीही तोच विचारला असता. माझ्या पुस्तिकेत मात्र वेगळा आहे, आणि तो माझा नाही — हे एका बाईंखेरीज मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

सांगलीच्या आमच्या घरात पलंगाखाली विज्ञान चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. बहुतेकांच्या शेवटी एकच हुकूम — प्रश्न विचारा. तोच सांगत मी गावोगाव फिरते.

तीन वर्षांपूर्वी म्हसवडच्या एका शाळेत दूरच्या ग्रहांवर बोलत होते. दुपारची वेळ, वर तापलेला पत्रा. अशा एका ग्रहावरचा सूर्य तांबडा, जागचा न हलणारा. एकीकडे भाजतं, दुसरीकडे गोठतं. माणूस तगलाच तर मधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात — असं सांगत होते. मागून फुलाबाई उठल्या. दरवर्षी मेंढरं घेऊन पाटणवरून कोकणात उतरणाऱ्या. आमचा एकही कार्यक्रम न चुकवणाऱ्या.

"पोरी, तितं वारं कुनीकडनं येतं?"

मला ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं ना? पण मी म्हणाले, "का हो मावशी, मेंढरं न्यायचीत का तिकडं?"

सगळी शाळा हसली.

"न्यायची तर इचारायला नको व्हय?" म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

परतीच्या एसटीत मात्र तो प्रश्न सुटेना. खरंच, कुठून? उजेडाकडची हवा तापून वर चढणार. तिच्या जागी जमिनीलगत अंधाराकडची गार हवा येणार — बहुधा कायम त्याच बाजूनं. मग झाडं असलीच तर सगळी एकाच अंगाला कललेली? पाठीवर गारठा, तोंडावर ऊन? आणि कधीच न पडणाऱ्या वाऱ्याचा आवाज माणसाला ऐकू तरी येईल का?

हेच लिहिलं. पुस्तिका गाजली. कसं सुचलं, असं लोक विचारत. असंच, म्हणायचे मी. खोटं — आणि वर तो मेंढरांचा विनोद भाषणांत सांगतच राहिले. प्रश्न माझा, हसं त्यांचं.

गेल्या महिन्यात म्हसवडला जाऊन फुलाबाईंना सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. फक्त विचारलं, "मंग, कुनीकडनं येतं?"

अंधाराकडून, मी म्हणाले.

"मंग दार उजेडाकडं ठिवायचं."

दाराचं मला सुचलंच नव्हतं.

ती पुस्तिका तुमच्याकडे असेल, तर पहिल्या पानावरच्या त्या प्रश्नाखाली पेनानं लिहा — फुलाबाई, म्हसवड. आणि दार उजेडाकडं, हेही.