पासवर्ड न टाकता उघडलेला पेपर

निवृत्त झालो, गणवेश कपाटात गेला, पण एक केस अजून पाठ सोडत नाही. तीत ना खून, ना दरोडा. मुलुंडच्या एका खासगी कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा पेपर फुटला होता, एवढंच. परीक्षेच्या सकाळी तो पोरांच्या मोबाईलवर फिरत होता.

प्राचार्यांची फिर्याद नोंदवून घेतली आणि त्याच दुपारी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस म्हणाला, "परीक्षा विभागातल्या बाईंच्या नावाने पेपर उघडलाय. त्यांची मुलगी याच परीक्षेला आहे. परत सांगणार नाही, समजलं ना?"

पेपर कोणी उघडला याची नोंद कॉलेजच्या अंधेरीच्या मुख्य कार्यालयात होती. ती यायला दोन दिवस गेले. खबर खरी निघाली, नाव त्याच बाईंचं. आम्ही खूश. आयता आरोपी आणि आयतं कारण! बाई निलंबित झाल्या, मुलीचा निकाल रोखून ठेवला.

बाई नाहूरला राहायच्या. सासरे गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडे. महिला हवालदारासमोर मी त्यांना तेच तेच विचारत राहिलो. पासवर्ड कोणाला दिला? कुठे लिहून ठेवला होता? शेवटी त्या भडकल्या आणि गावच्या बोलीवर आल्या. "साहेब, माझ्या घोवाक पण सांगूक नाय मी पासवर्ड! कितीदा सांगू?"

नवऱ्यालाही सांगितला नाही, म्हणत होत्या. मीही तिकडचाच, पण विरघळलो नाही. नोकरीत इतक्या शपथा ऐकल्या होत्या की कान किटले होते. जबाबावर सही घेतली आणि त्यांना घरी पाठवलं.

मग पंचनाम्यासाठी कॉलेजात गेलो. दोन पंच, प्राचार्य, संगणक विभागाचे प्रमुख, आमच्या सायबर शाखेची एक फौजदार, सगळे उभे. बाईंनाही बोलावून घेतलं होतं. मी बाईंना म्हटलं, "रोज करता तसं करा." एवढ्या लोकांसमोर बिचारी गडबडली. नाव टाकलं, आणि पासवर्ड टाकायच्या आधीच बोट एंटरवर पडलं. स्क्रीन उघडली. समोर प्रश्नपत्रिकांची यादी!

"अगो बाई! साहेब, मी पासवर्ड घालूकच नाय!"

"बघा, युक्ती माहीतच आहे त्यांना," विभागप्रमुख पटकन म्हणाले.

मी खुर्चीत बसलो. प्राचार्यांचं नाव टाकलं, पासवर्डची जागा कोरी ठेवली, एंटर दाबलं. उघडलं. मी म्हटलं, "सर, आता तुमच्या नावाने पेपर उघडलाय. अटक करू?" त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

फौजदार मुलीने मला समजावलं. सगळ्यांची नावं आणि पासवर्ड एका मुख्य सर्व्हरवर असतात. पेपरचा प्रोग्राम दर वेळी त्याला विचारतो, हा माणूस खरा का? नाव आलं पण पासवर्ड कोरा, तर हा सर्व्हर त्याला अनोळखी पाहुणा धरतो आणि म्हणतो, ठीक आहे, येऊ दे. पाहुण्याला तिथे फारसं काही दिसत नाही, म्हणून सर्व्हरचं काही बिघडत नाही. पण प्रोग्रामने फक्त 'ठीक आहे' एवढंच ऐकलं आणि बाईच आल्या असं समजून पेपर हाती दिला. कोरा पासवर्ड त्याने दारातच परतवायला हवा होता.

"म्हणजे वॉचमन म्हणाला, पाहुण्याला गेटवर बसू दे, आणि यांनी घराची किल्ली दिली?"

"अगदी तसंच, सर."

म्हणजे हे काम कोणीही, कोणाच्याही नावाने केलेलं असू शकत होतं. मग तो फोन आठवला. अंधेरीची नोंद यायच्या आधी बाईंचं नाव फोनवाल्याला कळलं कसं? ते नाव ज्याने स्वतः टाकलं, त्यालाच ठाऊक असणार.

आणि ही 'युक्ती' आहे हे कोणी सांगायच्या आधीच विभागप्रमुखांनी ओळखलं होतं, म्हणून त्यांना ठाण्यात बोलावलं. ते मला शिकवायलाच बसले. "असं बघा साहेब, सर्व्हर सुरक्षित आहे, समजलं ना?" हे 'समजलं ना?' मी फोनवर ऐकलं होतं. फोनचं सिम त्यांच्या मेव्हण्याच्या नावाचं निघालं, तेव्हा गृहस्थ मऊ पडले. चारकोपला त्यांचा क्लास होता. क्लासची पोरं पहिली यावीत म्हणून पेपर काढला. एकदा घाईत पासवर्ड राहून गेला होता, तेव्हा ही वाट सापडली. आणि बाईंचं नाव का? "मुलगी परीक्षेला होती ना. तुम्हाला पटलं असतं." पटलंच होतं की! वाईट त्याचंच वाटतं.

बाईंना कामावर परत घेतलं, निकालही सुटला. मी नाहूरला घरी गेलो. मुलीने दार उघडलं आणि मान खाली घालून आत भांडी आवरायला गेली. बाईंनी चहा ठेवला.

"तुमचा काय साहेब, संशय घेणा तुमचा कामच. पण माझ्या चेडवान माका विचारल्यान, आई, खरा सांग, तू बघलंस काय पेपर?"

इतक्या वर्षांत एवढंच शिकलो की आरोप मागे घेता येतो, पण तेवढ्या दिवसांत घरात जे विचारलं गेलं, ते कोणत्याही अहवालाने पुसलं जात नाही. मी विचारलं, "निकाल काय लागला?"

"पास झाला चेडू, पहिल्या वर्गात," बाई म्हणाल्या. "पेढे मात्र वाटूक नाय कोणी."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मी चहा संपवला आणि निघालो.