आवतनाची कुट्टी

कारखान्यानं तोड दिलीच नाही, म्हणून सेलूजवळच्या आमच्या वावरात दीड एकर ऊस तसाच वाळत उभा राहिला. घरी गुरांना चारा नव्हता. तेव्हा अक्कल सुचली ती मला, म्हणजे बोरगाव मेघेत फ्लॅट घेऊन खुर्चीत पगार खाणाऱ्या मुलाला. गुरांच्या डॉक्टरांना विचारून आलो आणि बाबांना समजावलं: उसाची बारीक कुट्टी करून बैलांना द्यायची, पण बैलामागं रोज एक घमेलंच, सोबत तुरीचं कुटार, म्हणजे कोरडा भुसा. जास्त झाली तर साखर पोटात आंबते, जनावर हातचं जातं. बाबांनी दोन आठवडे मोजूनच घातली. शेजारी बघायला येत, माझी पाठ थोपटत आणि मी फुगून जाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावली आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याला पुरणपोळी खाऊ घातली, आणि मग बाबांनी कुट्टीचा ढीगच पुढं ओतला. घमेलं कोपऱ्यात तसंच. घरी बोलावलेल्या पाहुण्याला ते मोजून कसे वाढणार? भोवती गाव जमलं होतं. पोरानं बैलांचे लाड केले, असं कुणीतरी म्हणालं. मी हसलो. बाबांना चारचौघांत अडवणं बरं दिसलं नसतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. साफ खोटं. मला माझं कौतुक मोडवेना.

दुसऱ्या दिवशी डावा बैल उठला नाही. रवंथ बंद, पोट तट्ट. डॉक्टर पोचेपर्यंत तो गेला होता. घरच्याच गाईचा, गवळाऊ जातीचा, बाबांनी हातावर वाढवलेला.

लोकांनी उसाला नावं ठेवली, बाबांच्या म्हातारपणाला ठेवली. मला कुणी बोललं नाही, त्याचीही मला लाजच वाटली. संध्याकाळी बाबा म्हणाले, "मले त् सणाच्या भरात भान नाई राह्यलं. तुले दिसून राह्यलं होतं नं? मंग बोलला काऊन नाई?"



यंदाही पोळ्याला गेलो. आदल्या दिवशी बाबांनी उरलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावली, पण आवतन दिलं नाही. सणाच्या दिवशी कोपऱ्यातलं घमेलं आणून माझ्या हातात दिलं.

"तूच वाढ," म्हणाले. "मोजून."