सांडशी आणि उलटा काटा

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. दूधवाला उशिरा. झेंडूचं तोरण दारापुरतंच केलं. दुपारी गुरप्पा आला, मोकळ्या हातांनी.

मोकळ्या हातांचा गुरप्पा रंभाबाईंनी कधी पाहिलाच नव्हता. भवानी पेठेतल्या या गाड्यांच्या वायरमनच्या खांद्याला एरवी हत्यारांची पिशवी आणि गळ्यात वायर तपासायचा बल्ब असायचाच. गडी अक्कलकोटकडचा. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचा, वायरीशी कानडीत. वायर ऐकेनाशी झाली की तो तिला जे काही म्हणे, त्याचा अर्थ रंभाबाईंनी कधी विचारला नाही. त्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या होत्या.

उभ्या जन्मात गुरप्पा गाड्यांमध्ये बसला कमी आणि डॅशबोर्डाखाली उताणा पडला जास्त. त्याच्या बायकोचं, बाळाबाईचं, हेच दुखणं होतं. लग्नाची वरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघाली तेव्हा त्यानं तिच्या कानात सांगितलं होतं, "एक दिवस तुला मोटारीत पुढं बसवतो, बघ." आता नातवंडं शाळेत जायला लागली, तरी बाळाबाई सिटी बसच्या दांड्यालाच लोंबकळत होती.

मग रंभाबाईंची ऑस्टिन हाती आली. यजमान गेल्यापासून ही विलायती गाडी ताडपत्रीखाली झोपली होती. गुरप्पानं पावसाळाभर खपून तिच्या सगळ्या वायरी बदलल्या आणि मग डोकं खाजवत विचारलं, "अक्का, दसऱ्याला शिलंगणाला आमच्या हिला पुढं बसवून न्हेऊ का?"

"न्या की. मीही मागं बसेन," रंभाबाई म्हणाल्या. "पण ॲमीटरचा काटा खरं बोलायला हवा. त्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नाही."

ॲमीटर म्हणजे डॅशबोर्डावरची लहानशी तबकडी. बॅटरीत वीज भरतेय की बॅटरीतून चाललीय, ते तिचा काटा सांगतो. यजमानांनी एकदा त्याच्याकडं काणाडोळा केला होता, तेव्हा दोघांनी बार्शी रस्त्यावर कच्चे पेरू खाऊन दिवस काढला होता. रंभाबाई ते पेरू विसरल्या नव्हत्या.

दसऱ्याच्या दुपारी गुरप्पानं रुबाबात दिवे लावले. इंजिन बंद. काटा टुणकन उडाला आणि भरतीच्या बाजूला जाऊन बसला.

रंभाबाईंनी चष्मा सारखा केला. "गुरप्पा, दिवे लावल्यावर बॅटरी भरते?"

"भरतीय म्हणते खरी."

"मग रात्रभर लावून ठेवू या. वीज मंडळालाही कळवू."

गुरप्पानं जीभ चावली. बाकी गाड्यांत बॅटरीची मायनस तार बॉडीला जोडतात, या ऑस्टिनमध्ये प्लस. बॅटरी त्यानं आठवणीनं बरोबर जोडली होती. ॲमीटरच्या दोन वायरी जोडताना मात्र हात सवयीनं चालला आणि इकडची तिकडं बसली.

"उलटं वाचा की, अक्का. भरतीय म्हटली की संपतीय म्हणायचं. त्यात काय?"

"या घरात काही उलटं वाचत नाहीत."

"मंग दोन नटांचं काम हाय. आत्ता करतो," म्हणत त्याचा हात खांद्याकडं गेला. तिथं पिशवी नव्हती.

तेवढ्यात फाटक वाजलं. हिरवी इरकल नेसून, केसांत शेवंती माळून बाळाबाई आली आणि कुणाला न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसली. पदर सावरून म्हणाली, "चला की. कुणाची वाट बघायलाय?"

"पाना पायजे," गुरप्पा पुटपुटला.

"पाना देवापुढं हाय. काल खंडेनवमीला पुजलाय, झेंडू वाहिलाय. शिलंगण झाल्याबिगर हत्याराला हात लावायचा न्हाई."

"अगं, पाना मिळाल्याबिगर शिलंगणच व्हायचं न्हाई!"

"ते मला ठाऊक न्हाई. लगीन झाल्यापासनं तुमचं काय ना काय निघतंयच."

तिनं तोंड फिरवलं, पण दार घट्ट धरून ठेवलं. गुरप्पाला ट्रॉली आठवली. शेजारी पाना मागावा, तर पेठेतलं प्रत्येक हत्यार आज हळदीकुंकू लावून बसलेलं. चिमटीनं नट फिरवून पाहिला. नखाचा तुकडा पडला, नट जागचा हलला नाही.

रंभाबाई तोवर चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये कपांशेजारी पातेलं आणि त्याच्या काठाला सांडशी. गुरप्पा चहाकडं बघेना, सांडशीकडंच बघत राहिला.

"अक्का, ही जरा..."

मग तो थबकला आणि चोरट्या नजरेनं बायकोकडं पाहिलं. "हे बी हत्यारच म्हणशील."

बाळाबाई फणकारली. "बायकांच्या हत्याराला कुठली आलीय नवमी? काल पुरण शिजलं ते काय फुकून उतरवलं व्हय? आमची सांडशी, उलथनं कवा बसलीत देवापुढं? घ्या, घ्या. तिला सुट्टी न्हाईच."

गुरप्पानं आधी बॅटरीची तार सोडवली आणि डॅशबोर्डाखाली उताणा झाला. सांडशी नटावरून सारखी घसरत होती.

"धरता तरी येतीय का?" वरून बाळाबाईनं विचारलं. "घरात कवा धरली असती तर सवय झाली असती."

उत्तर कानडीत आलं. ते वायरीसाठी होतं की बायकोसाठी, कळलं नाही. पण बाळाबाईला कानडी येत होतं, आणि ती खुदकन हसली.

वायरींची अदलाबदल झाली. बॅटरी जोडली, दिवे लावले. काटा शहाण्यासारखा खर्चाच्या बाजूला गेला. इंजिन खोकलं, मग चालू झालं. गुरप्पानं ॲक्सिलरेटर दाबला तसा काटा सावकाश मधली रेघ ओलांडून भरतीकडं आला. रंभाबाईंनी दोनदा पाहिलं आणि मागचं दार उघडून आत बसल्या.

चाकाखालचं लिंबू चिरडत ऑस्टिन फाटकाबाहेर पडली. कोपऱ्यावर ओळखीच्या बायका होत्या. बाळाबाईनं काच खाली केली. "जरा हळू घ्या की," ती नवऱ्याला म्हणाली. "दिसू द्या."

सोनं वाटून, अंधार पडायच्या आत सगळे घरी परतले. रंभाबाईंनी रोजनिशीत दुपारच्या नोंदीखाली लिहिलं: सांडशीची खीळ सैल झाली. रात्रीचं दूध फडक्यानं धरून उतरवलं.