बुधवारचा बाजार आणि शुगर लँडची खोली

१९८५ सालच्या एप्रिलमध्ये फलटणजवळच्या आमच्या गावी खिलार बैलांची जोडी चार हजार दोनशे रुपयांना विकली. गोठ्यासमोर चौघे हजर होतो: माझे वडील, म्हणजे आप्पा, शेजारच्या वाडीचा घेणारा शेतकरी, दलाल, आणि अमेरिकेतून रजा काढून आलेला मी. दलालाने आप्पांच्या आणि त्या शेतकऱ्याच्या हातांवर उपरणं टाकलं, आत बोटं दाबली गेली, दोघांनी माना हलवल्या आणि सौदा संपला. बघणाऱ्याला आकडा कळू नये म्हणूनच ही पद्धत आहे. मी घरचा असूनही मला तो संध्याकाळीच कळला.

आई आदल्या वर्षी गेली होती. मुलगा मी एकटाच. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ शुगर लँडला माझं घर आहे आणि मी पाइपलाइनच्या कामात इंजिनियर आहे. आप्पांना कायमचं माझ्याकडे न्यायचं ठरलं होतं. त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावर बाथरूमसकट एक खोली वाढवून घेतली होती, जमीन खंडाने कसायला दिली होती आणि त्यांचा इमिग्रंट व्हिसा पासपोर्टवर आला होता. तो चार महिन्यांच्या आत वापरला नाही तर रद्द होणार होता. निघायच्या सकाळी आप्पांनी मला एवढंच विचारलं, "रिकाम्या गोठ्याला कुलूप लावायचं का न्हाई, तेवढं सांग." मी सांगण्याआधीच त्यांनी कुलूप लावलं.

वाटेत आठवडाभर इंग्लंडला थांबायचं होतं. माझी धाकटी बहीण सुमन तिथे राहते. तिचे यजमान श्रीधरराव यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या एका जुन्या बाजाराच्या गावी डॉक्टर आहेत. गाव लहान आहे. मधोमध फरसबंद चौक, त्यात झिजलेला दगडी क्रॉस, एका टोकाला चर्च आणि दुसऱ्या टोकाला पडका किल्ला. चौकातल्या पाटीवर लिहिलं आहे की इथे बाजार भरवायची परवानगी राजाने सातशे वर्षांपूर्वी दिली.

सुमनने ती पाटी आप्पांना मराठीत सांगितली.

"वार कुठला?" आप्पांनी विचारलं.

"बुधवार."

"तवापास्नं बुधवारच?"

"हो, बुधवारच."

"मग बरोबर हाय," आप्पा म्हणाले, जणू कोणीतरी त्यांची परवानगी मागितली होती.

आम्ही सोमवारी पोचलो होतो, आणि मंगळवारी सकाळीच घरात भांडण झालं. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी राहत नाही. आप्पांच्या वडिलांनी तर आत्याच्या सासरी पाणीही घेतलं नव्हतं. आप्पा तेवढे कडक नव्हते, नातवंडं झाल्यापासून ते सुमनच्या पुण्याच्या सासरी जेवत असत. पण मुक्काम त्यांनी कधी केला नव्हता. इथे मुक्कामावाचून इलाज नव्हता. म्हणून त्यांनी माझ्याकडून पाच पौंड मागून घेतले आणि नाश्त्याच्या बशीखाली ठेवले.

"आप्पा, हे काय हॉटेल आहे?" सुमन ओरडली.

"हाटेलात एवढी जळकी भाकरी देत न्हाईत."

"तो टोस्ट आहे!"

"मग पाच कमीच दिलं की."

श्रीधरराव वर्तमानपत्राआड हसत होते. सुमनने ती नोट माझ्या खिशात कोंबली. पण मला दिसत होतं की ती दुखावली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून ती आई-आप्पांना बोलावत होती. आई न येताच गेली. आता आप्पा आले, तर जेवणाचे पैसे मोजत होते.

त्या दिवशी दुपारी आम्ही गावाबाहेर फिरायला गेलो. चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती डोंगरभर गेलेल्या, त्यांच्या आत हिरवी कुरणं, पाठीवर निळ्या-तांबड्या रंगाचे पट्टे मारलेल्या मेंढ्या. वाट थेट कोणाच्या तरी शेतातून जात होती आणि भिंतीत चढून जायला दगडी पायऱ्या होत्या. मी तिथेच थांबलो. टेक्सासमध्ये दुसऱ्याच्या जमिनीत असा पाय टाकत नाहीत. कुंपणावर पाट्या असतात, आणि मालकाकडे बंदूक असू शकते. मी तसं सांगितल्यावर सुमन म्हणाली, "दादा, हा पब्लिक फुटपाथ आहे. शेत त्याचं, वाट सगळ्यांची."

आप्पा तोवर धोतराचा सोगा वर खोचून पायऱ्या चढले होते. "वहिवाट हाय रे ती," ते भिंतीवरून मला म्हणाले. "वाडवडील चालले, म्हणून आपण चालायचं. ह्यात इंजिनियर कशाला लागतो?" आई गेल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच टोमणा मारला होता.

बुधवारी चौकात चीज, कापड, अंडी, रोपं यांचे गाळे लागले आणि स्टेशनमागच्या आवारात जनावरांचा लिलाव होता. श्रीधररावांचे एक जुने पेशंट, हॅरी नावाचे सत्तरीचे शेतकरी, आम्हाला तिथे घेऊन गेले. लाकडी कठड्याच्या गोल रिंगणात मेंढ्या येत होत्या आणि लिलाव पुकारणारा माइकवरून न थांबता आकडे म्हणत होता.

आप्पांना ते मुळीच पटलं नाही. "सगळ्या गावाम्होरं भाव वरडायचा? इकणाऱ्याची अब्रू काय ऱ्हायली?"

सुमनने हे हॅरींना सांगितलं. हॅरींनी विचारलं, तुमच्याकडे कसं करतात? झालं. आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं. सुमन दुभाषी झाली: एक बोट धरलं की दहा, पूर्ण पंजा धरला की पन्नास. कठड्याआड हॅरींची एक काळ्या तोंडाची मेंढी दोन कोकरांसह उभी होती. आप्पांनी तिच्याकडे बोट केलं, मग उपरण्याखाली हात हलले. हॅरींनी मान हलवली. पुन्हा हात हलले. आजूबाजूचे लोक रिंगणाकडे पाठ करून या दोघांकडे बघायला लागले.

तेवढ्यात माइकवरून आवाज आला. सुमनने हसत हसत सांगितला तो असा: "मागे हात धरून उभे असलेले दोन गृहस्थ, लग्न लावायचं असेल तर चर्च पलीकडे आहे."

सगळं आवार हसलं. त्या हशातच आप्पांनी पंजा दाबला आणि वर एक बोट धरलं. हॅरींनी हात बाहेर काढून आप्पांच्या तळव्यावर फाडकन टाळी दिली. आप्पांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे वळले.

"साठ पौंड काढ."

"कशाला?"

"मेंढी घेतली."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. सुमन घाईघाईने हॅरींना म्हणाली की वडिलांची पद्धत दाखवायची गंमत चालली होती, तुम्ही मनावर घेऊ नका. हॅरी हसायचे थांबले. त्यांच्याकडे टाळी दिली की सौदा पक्का, मग कागद असो वा नसो. आप्पांच्याकडे हात दाबला की पक्का. दोघा म्हाताऱ्यांनी सुमनकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिला बाजारातलं काही कळत नाही. मी साठ पौंड दिले. हॅरींनी त्यातला एक पौंड आप्पांना परत केला. विकणाऱ्याने घेणाऱ्याला नशिबासाठी थोडं परत द्यायचं, असा तिकडचा रिवाज आहे. आप्पांनी तो न विचारता घेतला. "आपल्यात नारळाला देत्यात तसं," ते मला म्हणाले.

मेंढी आणि कोकरं हॅरींच्याच कुरणात राहतील असं ठरलं. मला वाटलं प्रकरण मिटलं. शनिवारी आमचं ह्यूस्टनचं विमान होतं.

गुरुवारी आणि शुक्रवारी आप्पा सकाळी न सांगता बाहेर पडले. दोन्ही दिवस ते हॅरींच्या कुरणात सापडले, वहिवाटेने चालत गेलेले. शुक्रवारी जेवताना त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"इलास," त्यांनी मला हाक मारली, "तुमच्याकडं बाजार कुठल्या वारी?"

"तिकडे वार नसतो, आप्पा. दुकानं रोज उघडी असतात."

"मग माणसं भेटत्यात कवा?"

मी विचार केला. "वीकएन्डला. पंचवीस-तीस मैलांवर आपली चार-पाच मराठी घरं आहेत. मी ड्राइव्ह करून नेईन."

"आणि चालत कुठं जाता येतं?"

मी कधी हिशेबात खोट घातलेली नाही. "चालत कुठे जात नाहीत," मी म्हणालो. "फुटपाथ नाहीत. उन्हाळ्यात बाहेर उभंही राहवत नाही. पण घरात एअरकंडिशनिंग आहे."

आप्पांनी मान हलवली. "मेंढी माझी हाय. कोकरं लहान हायती. आता मला कसं येता यील?"

मी मग सगळं मांडलं. व्हिसा ऑगस्टमध्ये संपेल. पुन्हा अर्ज केला तर किती काळ जाईल सांगता येत नाही. खोली बांधून झाली आहे. वृंदा, माझी बायको, रजा टाकून वाट बघते आहे. माझा आवाज चढला असावा, कारण सुमनची मुलं ताट घेऊन आत गेली. श्रीधरराव शांतपणे म्हणाले की सहा महिने तर आप्पा इथे राहू शकतात, आणि विधुर वडिलांना मुलीकडे कायम राहायची परवानगीही मागता येते.

"तेवढं सोडून बोला, जावईबापू," आप्पा म्हणाले. "लेकीच्या जिवावर मी बसणार न्हाई."

"मग मेंढीच्या जिवावर बसा!" सुमन म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

श्रीधररावांनी सहज सांगितलं की मागची खोली ते पूर्वी हॉस्पिटलच्या एका नर्सला महिना वीस पौंडांना देत असत. आप्पांनी ते बरोबर उचललं. "मग मी भाडेकरू. दर म्हैन्याला वीस."

"माझ्याकडून घ्या," मी म्हणालो.

"तुझं न्हाई. माझं भाडं मी दीन."

आतून सुमनचा आवाज आला, "बापाकडून भाडं घ्यायला मी काय मेले आहे? एक पेनीही घेणार नाही. राहायचं तर वडील म्हणून राहा, नाहीतर जा दादाबरोबर!"

आप्पा भाड्याशिवाय राहणार नाहीत आणि सुमन भाडं घेणार नाही, असा तो पेच होता. मला खरं तर बरं वाटलं. पेच सुटला नाही तर आप्पा माझ्याबरोबर येणार होते. शनिवारी सकाळी मी त्यांची बॅग माझ्या बॅगेशेजारी ठेवली. ते धोतर नेसून, टोपी घालून दारात आले, आपली बॅग उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. "कोकरं इकली की भाडं चुकतं करीन," ते सुमनला म्हणाले. "तवर उधारी समज."

"समजणार नाही," सुमन म्हणाली. पण तिने बॅग बाहेर काढली नाही.

मला सोडायला ती स्टेशनपर्यंत आली. गाडी लांबून दिसायला लागल्यावर म्हणाली, "दादा, तिकडे चालायला जागा आहे, एवढं खोटं बोलला असतास तर आप्पा आले असते रे." मी म्हणालो, "आल्यावर त्यांनी पाहिलंच असतं."

ह्यूस्टनला उतरलो तेव्हा माझा मुलगा रोहन माझ्या मागे बघत होता. "व्हेअर इज आजोबा?" मी त्याला मेंढीचं सांगितलं. तो दोन मिनिटं हसला, मग म्हणाला, "सो ही लाइक्स द शीप मोअर." मी गाडी चालवत राहिलो. वृंदाने खालच्या खोलीत नवी चादर घातली होती, देवांचा फोटो लावला होता, आणि आप्पांना उंच कॉट चालत नाही म्हणून कॉटचे पाय कापून घेतले होते. ऑगस्टमध्ये व्हिसा संपला. त्या खोलीचं दार आम्ही एसीचं बिल वाचावं म्हणून लावून घेतलं, असं मी लोकांना सांगतो.

आमच्यासारखे जे इकडे आले त्यांनी घर म्हणजे काय याचा हिशेब सोपा केला होता. मॉर्टगेज आपल्या नावावर, मुलं चांगल्या शाळेत, वर्षा-दोन वर्षांनी भारताची फेरी, आणि वेळ आली की आईवडिलांना इकडे आणायचं. मी जागा, बाथरूम, औषधं, इन्शुरन्स, सगळं धरलं होतं. आप्पांना सकाळी उठून कोणाकडे जायचं आहे, हे धरलं नव्हतं. गावी बैलांनी त्यांना उठवलं, सुमनकडे मेंढी उठवते. माझ्या घरात त्यांना उठवणारं कोणी नव्हतं. मी स्वतः इथे चौदा वर्षं आहे. आठवड्याचा ठरलेला असा एकही वार नाही की ज्या दिवशी मी कुठे दिसलो नाही तर कोणी विचारेल, आज आले नाहीत वाटतं. गावी राहिलेल्यांना हे वाचून वाटेल, की मग परत का येत नाही? रोहनला विचारा. त्याचं गाव शुगर लँड आहे, आणि त्याला सोडून मी कुठेही गेलो तरी तिथे मी पाहुणाच असणार. ज्या ठिकाणी आपण पाहुणे नसतो ते घर, असं मला आता वाटतं. आप्पांना लेकीच्या घरात पाहुणं व्हायचं नव्हतं, एवढीच त्यांची अट होती. मला ती त्या वेळी हट्ट वाटली.

ऑक्टोबरमध्ये सुमनचा फोन आला. त्या बुधवारी आप्पांची दोन्ही कोकरं लिलावात गेली. दोन्ही माद्या होत्या, शेजारच्या खोऱ्यातल्या एकाने पाळायला घेतल्या. आप्पा रिंगणाच्या कठड्याला धरून उभे होते आणि भाव चढला तेव्हा त्यांनी अब्रूबद्दल काही म्हटलं नाही. घरी आल्यावर त्यांनी मे महिन्यापासूनचं भाडं, सहा महिन्यांचे एकशेवीस पौंड, जेवणाच्या टेबलावर ठेवले. विक्रीच्या पैशात चौदा कमी पडले, ते त्यांनी हॅरींच्या भिंती रचायला मदत करून मिळवलेल्यातून घातले होते. त्या वेळी घरात आप्पा, श्रीधरराव, दोन मुलं आणि ती, असे पाच जण होते.

"मग?" मी विचारलं. "तू काय केलंस?"

 

"काय करणार, दादा," ती म्हणाली. "समोर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. आई गेल्यावर पहिल्यांदा इतके नीट बसलेले पाहिले मी त्यांना. घेतले पैसे. मोजून घेतले."