चंबूतलं तपकिरी पाणी

मला आजही संताप येतो, आणि तो कमी व्हावा असं वाटतही नाही.

इंदुरीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. पृथ्वीवर गवताचं पातंही नव्हतं तेव्हा साखर आली कुठून, असं नववीतल्या एका मुलीने विचारलं. प्रदर्शनासाठी आम्ही तोच प्रश्न घेतला. पहिला येणारा प्रयोग तालुक्याला जाणार होता, आणि तिला जायचं होतं. प्रयोगशाळेतल्या बेडकाच्या बरणीत असतं ते फॉर्मॅलिन, म्हणजे पाण्यात विरघळलेला अगदी साधा रेणू, आणि तिच्या आजीच्या पानाच्या चंचीतला चुना, एवढंच मिसळून तापवायचं होतं. तीन वेळा फसलं. चौथ्यांदा गरम पाण्यात ठेवलेल्या काचेच्या चंबूतलं दुधट पाणी पिवळं झालं, मग काकवीसारखं तपकिरी. साध्या रेणूंची साखर झाली होती, एकाही झाडाची मदत न घेता. अशीच एक साखर आपल्या पेशीपेशीत असते, हे कळल्यावर ती चंबूपासून हलेना.

"बाई, मंजी आपुन असंच सुरू झालो?"

"कदाचित. तू मात्र दिसलं तेवढंच लिही."

प्रदर्शनाच्या सकाळी मुख्याध्यापकांनी सगळं चकाचक करून घेतलं. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे आधी फडकं निघतं. त्यांनी आमचा चंबू मोरीत ओतला, घासला आणि निळ्या शाईचं पाणी भरून परत मांडला.

"ते गढूळ पाणी काय दाखवायचं, मॅडम? आता बघा कसं उठून दिसतंय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी कंत्राटी.

पाहुण्यांना निळं पाणी फार आवडलं. "ही तू बनवलेली साखर?"

"न्हाई साहेब, ही शाई हाय. म्या केल्यालं सरांनी मोरीत वतलं."

पाहुणे माझ्याकडे वळले. "खरं का हो, बाई?"

हो, एवढंच म्हणायचं होतं. मुख्याध्यापक माझ्याकडे रोखून बघत होते.

"लहान आहे, साहेब. गोंधळली," मी म्हणाले.

सगळे हसले आणि पुढच्या टेबलावरच्या सोड्याने फसफसणाऱ्या ज्वालामुखीकडे गेले. तालुक्याला तोच गेला.

मुख्याध्यापकांना मी मनात किती शिव्या घातल्या! तोंडावर एक नाही. आठवड्याने प्रयोगवह्या तपासायला आल्या. तिने निरीक्षणाखाली नीट अक्षरात लिहिलं होतं: 'शेवटी रंग निळा. बाई तिथंच होत्या.'

त्याखाली मला सही करायची होती.