बाबांचे खिसे
काल रायपूरच्या बुढापारा वस्तीत एका घराला चुना लावत होते, त्या ओल्या वासानं मी गल्लीतच थबकलो. नवं राज्य झालं, इथं मला बढती मिळाली, तेव्हा मी आणि धाकटा भाऊ बाबांना समुद्र दाखवायला पाँडिचेरीला घेऊन गेलो होतो. रेल्वेच्या मालगोदामात हयात काढून दुसऱ्याची सुतळीही घरी न आणलेल्या बाबांना तेव्हा विसरायला व्हायला लागलं होतं. एका फ्रेंच साहेबाचा जुना बंगला दुरुस्त करून हॉटेल केलं होतं, तिथं आम्ही उतरलो. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, उंच खांब, अंगणात बोगनवेल. बाबा दारातच म्हणाले, "हे तर आपलं घर व्हय." भाऊ म्हणाला, "हव, मालक." तीन दिवस ते वेटरना झाडांना पाणी घालायला सांगायचे आणि आम्ही तोंड दाबून हसायचो. निघायच्या सकाळी त्यांनी खांबाला मिठी मारली. शेवटी दरवानानं दंड धरून त्यांना बाहेर काढलं, तेव्हाही आम्ही टॅक्सीपाशी हसतच होतो. परतीच्या गाडीत ते सारखे विचारत राहिले, "मले काहून काढलं रे घरातून?" कंटाळून मी म्हणालो, "तुम्ही तिथं चोरी केली, बाबा, म्हणून." त्यांनी आपले खिसे चाचपले. पुढे ते आमची नावंसुद्धा विसरले, एवढं मात्र विसरले नाहीत. घरी कोणीही आलं की उठून दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचे, "पहा, मी काहीच नाही घेतलं." लोक विचारायचे, हे असं काहून करतात? वय झालं, असं मी सांगायचो. अजूनही तेच सांगतो.