म्याकलबाई आणि विनंती अर्जांचा ढीग

रोज ऑफिसात आल्या आल्या म्याकलबाई संगणकाचा माऊस काढून ड्रॉवरमध्ये डब्याशेजारी टाकून द्यायच्या आणि सगळं काम कीबोर्डवर करायच्या. "ह्याला धरून बसलं की संध्याकाळ हितंच हुती की," असं त्यांनी मला माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी सुनावलं. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि दोन्हींत जीभ सारखीच तिखट.

आमची संस्था कर्णबधिर मुलांच्या पालकांची. एका सामायिक पत्त्यावर कुणीही ईमेल केलं की ते सगळ्या पालकांना जातं, उत्तरंही सगळ्यांना. दिवसभर नुसता पूर. तो उपसायला बाईंनी चार-पाच सॉफ्टवेअरं वापरून बघितली आणि काळ्या पडद्याचं एक जुनाट दिसणारं निवडलं. कोणतं पत्र कोणत्या पत्राला उत्तर म्हणून आलंय, ते त्यात नेमकं एकाखाली एक दिसायचं.

नव्या सचिवांना ते दरिद्री वाटलं. त्यांनी चकचकीत सॉफ्टवेअर आणलं. ते एकाच विषयाची पत्रं एकत्र बांधायचं. आता आपल्याकडे माणूस अडला की विषयाच्या ओळीत काय लिहितो? 'विनंती अर्ज'! मोडनिंबच्या एका आईनं, मुलाचं श्रवणयंत्र परीक्षेच्या तोंडावर बंद पडलंय, असं कळवलं. सचिवांच्या संगणकावर ते जुन्या अर्जांच्या ढिगात गडप झालं. बाईंनी मात्र ते आपल्या जुन्या सॉफ्टवेअरवर वाचून संस्थेतलं जादा यंत्र एसटीनं रवानाही केलं होतं.

"लोकांना विषय नीट लिहायला सांगा," सचिव म्हणाले.

"घाबरलेल्या बाईला मी विषय शिकवू व्हय? तुमच्या सॉफ्टवेअरला शिकवा की, साहेब!"

सचिव हटले नाहीत. बाई निवृत्त झाल्या की जुनं काढून टाकायचं, असं त्यांनी जाहीर केलं. माझा नुसता संताप झाला. तोंड उघडायची हिंमत एकट्या बाईंकडे होती.

निरोपाच्या दिवशी हॉल पालकांनी भरला होता. सचिवांनी शाल उलगडली. बाई उठल्या आणि मागं सरकल्या.

"शाल राहू द्या. जुनं सॉफ्टवेअर काढणार न्हाई, हे आदी लिहून द्या."

"बाई, हा कार्यक्रम आहे."

"म्हणून तर. समदे बघायलेत."

मोडनिंबची ती आई पहिल्या रांगेत उभी राहिली. मग मी उठलो, मग सगळा हॉल. सचिवांनी शाल काखेत धरून लेटरहेडवर दोन ओळी खरडल्या, सही केली.

बाईंनी कागद शांतपणे वाचला. "तारीख घाला की."

तारीख पडली, तेव्हा कुठे त्यांनी शालीसाठी खांदा पुढे केला.